उजेड निघालाय, बाई!

"त्या अंधारकोठडीत मी सूर्य आणून दाखवतो! तोही फुकटात!"

तंद्रीसरांनी भर स्टाफरूममध्ये असं जाहीर केलं, आणि सगळ्यांचे चहाचे कप ओठांशीच थांबले. सर विज्ञान शिकवत. 'तंद्रीसर' हे नाव पोरांनी ठेवलेलं, कारण शिकवता शिकवता ते खिडकीशी जायचे आणि ढगांत हरवायचे. पोरंही इतकी समंजस, की सर हरवले की दंगासुद्धा हळू आवाजात करायची.

ही कोठडी म्हणजे व्हरांड्याच्या पार टोकाची, दोन वळणांपलीकडची खोली. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, तिथे मोडके बाक ठेवणार होत्या. सरांना तिथे प्रयोगशाळा हवी होती. एका टेबलावर एक उपकरण आणि त्याभोवती अख्खा वर्ग! मागच्या पोराला विज्ञान कुठलं दिसतंय, पुढच्याची मानच दिसते. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं काहीतरी असावं, हे सरांचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं.

"अहो सर, तिथे भरदुपारी स्वतःचा हात दिसत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अंगणातलं ऊन आणतो, बाई! पोरं आरसे धरून रांगेत उभी राहतील. या आरशावरून त्या आरशावर ऊन टुणटुण उड्या मारत येईल!"

"आलं तर खोली तुमची. नाही आलं तर बाकांची."

पैज तर लागली, पण वर्गभर आरसे आणायचे कुठून? काचवाल्याने भाव सांगितला तेव्हा सर आल्या पावली परत फिरले. वाटेत गॅरेज लागलं, आणि तिथे मागच्या भिंतीशी चक्क आरशांचा ढीग! गाड्यांचे काढून टाकलेले साइड मिरर. कुणाचा दांडा मोडलेला, कुणाचं कव्हर फुटलेलं, पण काच शाबूत.

"न्या की सगळे," मिस्त्री म्हणाला. "माझी जागा तरी मोकळी होईल. गाड्या किती आहेत तुमच्याकडे?"

"एकही नाही!" सर आनंदाने म्हणाले आणि पोतं खांद्यावर टाकून निघाले. मिस्त्री बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

घरी पोतं खणखणलं तशी बायको बाहेर आली. "अगं बाई! अहो, कुणाकुणाच्या गाड्या सोलून आलात?"

"सूर्य आणलाय, सूर्य! बघ तर खरं." सरांनी एक आरसा उन्हात धरला. समोरच्या भिंतीवर फिकट, मऊ उजेड पसरला.

"अंधूक आहे हो."

"अंधूक नाही गं, स्वप्नाळू आहे!"

बायकोने एक आरसा पदराने पुसला. "यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंय. आरशातली वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ असते. म्हणजे काय हो?"

"म्हणजे आपली प्रयोगशाळा जवळ आलीय!" सर म्हणाले. पण ते केव्हाच तिथे नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हाची सोनेरी फीत व्हरांड्यातून वळणं घेत चालली होती आणि तिच्यात धुळीचे कण नाचत होते. त्या तंद्रीत जेवताना त्यांनी भातावर आमटीऐवजी ताक ओतून घेतलं आणि आमटी छान झालीय म्हणाले.

प्रयोगाचा दिवस उजाडला. ऊन कसं खणखणीत! अंगणापासून कोठडीच्या दारापर्यंत पोरं उभी, प्रत्येकाच्या हातात आपापला आरसा. तेवढ्यानेच सरांचा ऊर भरून आला. आत काळोखात स्टुलावर मोठ्या बाई बसल्या.

"सोडा ऊन!" सर ओरडले.

पहिल्या पोराने आरसा वळवला. दुसऱ्याच्या अंगावर फिकट उजेड पडला. तिसऱ्यापर्यंत तो जेमतेम आला. चौथा आपला आरसा हलवून हलवून ऊन शोधत बसला.

"सर, उजेड निघाला का?" आतून आवाज आला.

"निघालाय, बाई!"

थोडा वेळ गेला.

"मग अडलाय कुठे?"

"येतोय, बाई! वाटेत आहे!"

"जगात सगळ्यात वेगाने पळतो तो उजेड, असं तुम्हीच शिकवता ना?"

सर रांगेतून धावत सुटले. इकडे वळव, तिकडे वळव, जरा वर, अरे खाली! शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी अगदी हळूच म्हणाली, "सर, हे गाडीचे आरसे आहेत ना?"

"हो, मग?"

"मग ते बहिर्वक्र असतात ना, सर?"

झालं! अख्खी रांग एका सुरात सुरू झाली, "वाहनांना बहिर्वक्र आरसा लावतात, कारण त्यात मोठ्या परिसराची लहान व सुलट प्रतिमा दिसते! हा आरसा प्रकाशकिरण पसरवतो!"

हे उत्तर सरांनीच दरवर्षी घोकून घेतलेलं. दरवर्षी परीक्षेला यायचं, आणि एकाही पोराचं चुकायचं नाही. सर मटकन पायरीवर बसले. प्रयोगशाळा गेली, अब्रू गेली, आता मोडके बाक येणार. ते अगदी रडायच्या बेतात आले.

तेवढ्यात मोठ्या बाई भिंत चाचपत बाहेर आल्या. वळणावरच्या पोराच्या हातातला आरसा त्यांनी घेतला, चष्मा सावरून आत पाहिलं आणि बघतच राहिल्या. आरशात अख्खा व्हरांडा होता. वर्गांची दारं, जिना, अंगण, आणि पायरीवर डोकं धरून बसलेले इवलेसे सर.

"अरे वा! यात तर सगळी शाळा मावली की!" बाई म्हणाल्या. "आणि मी मेली फेऱ्या मारमारून गुडघे झिजवतेय! सर, खोली तुमची. दिवा लावून घ्या. फक्त प्रत्येक कोपऱ्यावर यातला एकेक टांगा."

सर उड्या मारत घरी गेले. बायकोला म्हणाले, "सांगत नव्हतो?"

प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. पोरं आपापल्या आरशात शाळा पकडायला शिकली. आणि एका सुरेख दुपारी, आपल्या नेहमीच्या वर्गात शिकवता शिकवता, सर खिडकीशी गेले. ढग अगदी हातात घ्यावेत असे होते. सहज त्यांची नजर व्हरांड्याच्या कोपऱ्यावरच्या आरशाकडे गेली. त्यात मोठ्या बाई दिसल्या, तिळाएवढ्या, कुठेतरी पार लांब.

'अजून पुष्कळ वेळ आहे,' सर मनाशी म्हणाले, आणि पुन्हा ढगांत शिरले.

"काय सर," अगदी कानाशी आवाज आला, "उजेड अजून वाटेतच आहे का?"