कोकरे सरांची दुरुस्ती

दरवर्षी जूनमध्ये इंग्रजीच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा शाळेत आला की कोकरे सर तो वर्गात वाटण्याआधी स्टाफरूमच्या कोपऱ्यात घेऊन बसतात, काळ्या शाईचं पेन उघडतात आणि प्रत्येक पुस्तकातली मेंढी काळी करतात. गेल्या वर्षी बेचाळीस पुस्तकं होती. बेचाळीस मेंढ्या, शेपटासकट.

मुख्याध्यापकांनी एकदा त्यांना बोलावून सांगितलं की ही सरकारी पुस्तकं आहेत, ती खराब करता येत नाहीत. सर शांतपणे म्हणाले, "खराबी न्हाय सर, दुरुस्ती हाय." मग पुस्तकातली मेंढी पुढे ठेवली. पांढरीशुभ्र, कापसाच्या गादीसारखी फुगलेली, गळ्यात निळी रिबीन. आपल्याकडची मेंढरं काळी, असलं जनावर इथल्या उन्हात चार दिवस टिकायचं नाही, हे त्यांनी साहेबांना इतकं सविस्तर समजावलं की पुन्हा बोलावणं आलं नाही.

मी त्याच शाळेत, निमगाव केतकीला, गणित शिकवतो. आमच्या पुस्तकातही एक नळ टाकी भरतो आणि दुसरा त्याच वेळी रिकामी करतो, पण मी कधी त्या नळांची तक्रार केलेली नाही. सरांचं तसं नाही. त्यांचे आईवडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे. सर आत्याकडे राहून शिकले. भावकीतले पहिले पदवीधर. इंग्रजी बोलतात तेव्हा गळ्याचं बटण लावल्यासारखे बोलतात, मराठीत आले की ते बटण काढतात.

म्हणून ते परक्या गोष्टींच्या विरुद्ध असतील असं वाटेल. मुळीच नाही. लंडनचं धुकं ते असं शिकवतात की पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. सहलीच्या धड्याला त्यांनी सगळ्या वर्गाला लिंबाखाली चटईवर बसवून काकडीचे सँडविच खाऊ घातले. पोरांनी ते ठेच्याबरोबर खाल्ले, त्यालाही त्यांची हरकत नव्हती. "त्यांचं त्यांच्यावानी शिका," ते म्हणतात, "पर आपलं खोटं नको."

त्यांचा खरा राग आपल्याकडच्या धड्यांवर आहे. पुस्तकातल्या खेड्यामागे डोंगर, दारात नारळ, अंगणात ती रिबीनवाली मेंढी, आणि इस्त्रीच्या धोतरातला शेतकरी बैलजोडीशेजारी उभा राहून हसतोय. "ह्यो नाटकातनं आलाय," असं सरांचं निदान. वर्गाच्या खिडकीतून डाळिंबाच्या बागा दिसतात, ठिबकच्या नळ्या दिसतात, ट्रॅक्टरवर कानात यंत्र घालून बोलणारा पालक दिसतो. सरांनी वर्गाला विचारलं, बैल कुणाकडं हायत? दोन हात वर आले. त्यातला एक आजोबांच्या फोटोतल्या बैलांसाठी होता.

हे सगळं ते पुस्तकं तयार करणाऱ्या कचेरीला कळवत आले. पत्र अत्यंत अदबशीर इंग्रजीत, पण मथितार्थ एकच, की पान सत्तावीसवरच्या मेंढीकडे आपण कृपया लक्ष द्यावे. अनेक वर्षं उत्तर नव्हतं. मग एकदा पुण्याला बैठकीचं बोलावणंच आलं. तिथल्या मॅडमनी त्यांचं म्हणणं मन लावून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की तक्रार पटली, आता मेंढपाळाच्या घरावर तुम्हीच एक धडा लिहून द्या, दीडशे शब्दांत.

सर परत आले ते आजारी पडल्यासारखे. तीन आठवडे त्यांचं कशात लक्ष नव्हतं. मेंढरं, घोडी, कुत्री, माणसं मिळून चालतो तो 'वाडा', त्याला इंग्रजी शब्द सापडेना. "घरच चालत असलं तर त्याला काय म्हनायचं?" त्यांनी मला विचारलं. मी 'कॅराव्हॅन' सुचवलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तो धडा पुढे एका पुरवणी पुस्तिकेत छापून आला. त्याच्या चित्रात काय आहे ते इथे सांगत नाही, कारण त्यावर सरांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या एका रविवारचं.

"तात्यांनी तपासल्याबिगर पाठवायचा न्हाय," सर म्हणाले, म्हणून मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर कळंबला घेऊन गेलो. त्यांचे वडील, तात्या, तिथे असतात. कळप कधीच विकला, आता थोड्या जमिनीत दोडका करतात. ते बाजेवर बसले, मला शेजारी बसवलं आणि सर वर्गात उभे राहतात तसे समोर उभे राहिले. एक वाक्य इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे.

तात्यांनी पहिल्याच वाक्याला अडवलं. कुत्रं पुढे चालत नाही, मागं चालतं. घोडीवर भांडी होती हे खरं, पण कोंबड्याही होत्या, त्या राहिल्या. सर मुकाट्याने समासात लिहून घेत होते. पत्रं लिहिण्याची खोड कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं.

मग वाक्य आलं, की मेंढपाळाचा मुलगा आत्याकडे राहून शाळेत जातो. तो आनंदात असतो.

"व्हतास?" तात्यांनी विचारलं.

"पुस्तकात तसंच लिवत्यात, तात्या."

मग सर माझ्याकडे वळून सांगायला लागले. पाचवीत असताना इंग्रजीच्या मास्तरांनी एकेकाला उभं करून विचारलं होतं, तुझे आईवडील कुठं राहतात ते इंग्रजीत सांग. सरांनी निम्मं वाक्य बिनचूक म्हटलं आणि ते थांबले. अभ्यास केला नाही म्हणून मास्तरांनी घंटा होईपर्यंत उभं केलं.

"वाक्य येत व्हतं मला," सर म्हणाले. "गाव ठावं नव्हतं."

त्यांनी ते वाक्य खोडायला पेन टेकवलं. तात्यांनी हात पुढे करून कागद धरला.

"ऱ्हाऊ दे ते. वाडा कोकणात असला की तुझी आय रोज इचारायची, पोरगं कसं असंल. मी तिला ह्येच सांगायचो." मग म्हणाले, "मला तरी कुठं ठावं व्हतं."

आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

सरांनी पेन खिशाला लावलं आणि पुढचं वाक्य वाचलं. ते आईबद्दल होतं. त्याचं मराठी त्यांना सांगता आलं नाही, म्हणून ते इंग्रजीतच पुढे वाचत राहिले, शेवटापर्यंत. तात्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. प्रत्येक वाक्य संपलं की ते मान हलवत होते.