अवनीचा वाढदिवस आणि सहा इंची पट्टी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की येत्या रविवारी तुमचा वाढदिवस आहे. आठ मैत्रिणींना तुम्ही बोलावून ठेवलंय. घराजवळच्या रस्त्यावर पिझ्झ्याची दोन नवी दुकानं समोरासमोर उघडलीत आणि त्यांतल्या एकात पार्टी करायचं ठरलंय. कोणत्या, ते मात्र तुमचे बाबा ठरवणार. आणि तुमचे बाबा आहेत रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस! आता उघडा डोळे. बसली ना धडकी? अवनीलाही तशीच बसली होती.

ही गोष्ट दोन हजार चार सालची, चेन्नईच्या अण्णा नगरमधली. अवनीचे बाबा उमाकांत तीन वर्षांपूर्वी बदली होऊन तिथे आले. त्यांनी ठोकून, मोजून, उलटा करून पाहिल्याशिवाय कारखान्यात एक बोल्टसुद्धा आत जात नसे. त्यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असे आणि हातात काळी वही. घरी इडलीच्या पात्रातल्या चारही इडल्या सारख्या फुगल्यात का, हेही ते वाकून पाहत.

"दोन्ही दुकानं तपासल्याशिवाय मंजुरी नाही," ते सोमवारी म्हणाले.

"अहो, पिझ्झा आहे तो, डब्याचं चाक नाही," अवनीची आई प्रमोदिनी म्हणाली.

"चाक उघडं तरी असतं. यात चीजखाली काय दडलंय, कुणाला ठाऊक?"

मंगळवारी संध्याकाळी अवनीला घेऊन ते 'पिझ्झा मंडपम्'मध्ये गेले. गल्ल्यामागे कपाळाला विभूती लावलेले मालक गुरुमूर्ती बसले होते. पिझ्झा आला. वाफेनं अवनीच्या तोंडाला पाणी सुटलं, पण बाबांनी हात आडवा घातला. पट्टी सहा इंची आणि पिझ्झा नऊ इंची, म्हणून मध्ये पेनाच्या टोकानं चीजवर खूण करून ती दोनदा ठेवावी लागली. मग आडवी. मग तिरकी.

"गोल नाही," ते पुटपुटले आणि वहीत लिहिलं. मग काट्यानं चीजचा पदर उचलून खाली डोकावले, मक्याचे दाणे पाहिले आणि शेवटी कडेवर बोटानं टकटक करून कान लावला.

गुरुमूर्ती गल्ल्यावरून उठून आले. "सार्, काही तक्रार?"

"अजून नाही," उमाकांत म्हणाले.

त्या 'अजून'नं गुरुमूर्तींचा चेहरा पडला. त्यात हे गृहस्थ बाहेर पडून सरळ रस्ता ओलांडून समोरच्या 'नेपल्स कॉर्नर'मध्ये शिरले. हा माणूस समोरच्यांचाच हेर असणार! गुरुमूर्ती दारात येऊन उभेच राहिले.

तिकडचे मालक नारायणस्वामी यांनी त्यांना गुरुमूर्तींच्या दुकानातून येताना पाहिलंच होतं. त्यांनाही तोच संशय. पण हेराला तरी खूश करून पाठवावं, म्हणून त्यांनी पिझ्झ्यावर मूठभर ऑलिव्ह जास्त घातले.

"बघ," बाबा अवनीच्या कानात म्हणाले, "न मागता जास्त देतात. म्हणजे खाली काहीतरी लपवायचं आहे."

"बाबा, खाऊ का?"

"थांब. आधी मधला भाग शिजलाय का बघू."

तो थंड झाल्यावर अवनीनं खाल्ला. थंडसुद्धा चांगला लागला. पण तिच्या मताचा रकाना वहीत नव्हताच.

मधले दोन दिवस शाळेत कनका, म्हणजे तिची जिवलग मैत्रीण, एकच प्रश्न विचारत राहिली, "अगं, जागा कुठली?" अवनी सांगायची, "तपासणी चालू आहे." कनकाला वाटलं, अवनीला ताप आलाय.

शुक्रवारी बाबा न सांगता पुन्हा गेले. अचानक पाहणी! पण आता दोन्ही दुकानांची नजर रस्त्याकडेच होती. गुरुमूर्तींनी ते दिसताच फिल्टर कॉफी पुढे केली. "सार्, आमच्याकडून. पैसे नकोत."

फुकट? उमाकांतांच्या भुवया कपाळात गेल्या. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी कंत्राटदाराचा पेढासुद्धा खाल्ला नव्हता. त्यांनी पेला सरकवला आणि खिशातलं लाल पेन काढून वहीत दोन ओळी लिहिल्या. समोर नारायणस्वामींनी आइस्क्रीम आणलं, तिथेही तेच झालं.

आता मात्र दोघांचीही खात्री पटली. हेर असता तर कॉफी प्यायला असता. कॉफीलासुद्धा न शिवणारा माणूस म्हणजे नक्कीच आरोग्य खात्याचा कडक अधिकारी! मग गेले चार महिने एकमेकांकडे न पाहणारे ते दोघे पहिल्यांदा रस्त्याच्या मधोमध भेटले.

"तुझ्याकडे काय लिहिलं?"

"लाल शाईत लिहिलं रे!"

"माझ्याकडेही लालच!"

शनिवारी उमाकांतांनी शेवटचं काम केलं. कारखान्यात निविदा उघडताना सगळ्या पुरवठादारांना एकदम समोर बोलावतात. तीच रीत त्यांनी इथे लावली. दोन्ही दुकानांत जाऊन ते गंभीरपणे म्हणाले, "उद्या सकाळी अकरा वाजता अंतिम तपासणी. निर्णय जागेवरच होईल. तयार राहा."

रविवारी अकरा वाजता नवे फ्रॉक घातलेल्या नऊ मुली, प्रमोदिनी आणि पट्टीसह उमाकांत रस्त्यावर हजर झाले. दोन्ही दुकानांची शटरं खाली. दोन्हींवर एकसारख्या अक्षरातली पाटी: 'साफसफाईसाठी बंद'. आणि रस्त्याच्या मधोमध, कुंकवानं लाल झालेला एक कोहळा फुटून पडलेला.

"अंकल, ही दृष्ट काढलीय," कनकानं समजावलं. "दुकानाला कुणाची वाईट नजर लागली की असा फोडतात."

प्रमोदिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. उमाकांतांनी कोहळ्याकडे. "मला आधीपासूनच संशय होता," ते म्हणाले. "ऐन वेळी पळ काढणारे पुरवठादार!"

 तेवढ्यात अवनीला दिसलं, की मंडपम्‌चं शटर चार बोटं वर आहे आणि फटीतून दोन डोळे चमकताहेत. ती खाली वाकली. तमिळ तिला आता मराठीइतकीच सफाईनं येत असे. "अंकल, हे अधिकारी नाहीत. माझे बाबा आहेत. घरी इडल्यासुद्धा तपासतात. आज माझा वाढदिवस आहे."

आत कुजबुज झाली. "पुरावा?"

संशय घेणाऱ्यावरच संशय! उमाकांतांना तो अपमान वाटला. त्यांनी ताठ मानेनं आपलं ओळखपत्र फटीतून आत सरकवलं. त्यावर फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: निरीक्षक.

शटरची चार बोटं एका बोटावर आली.

"अहो, काय हे!" प्रमोदिनीनं कपाळावर हात मारला.

अवनीनं डोळे पुसले. पिशवीतून तिनं चमकीची, टोकदार, गोंडा लावलेली टोपी काढली. "बाबा, खाली वाका." बाबा वाकले. टोपी डोक्यावर, रबर हनुवटीखाली! आठही मुली खो खो हसत सुटल्या. फटीतल्या डोळ्यांनी ते ध्यान वरपासून खालपर्यंत नीट तपासलं. असा अधिकारी कोणत्याच खात्यात नसतो. शटर खर्रकन वर गेलं.

ते पाहून समोर नारायणस्वामींना शंका आली, की गुरुमूर्ती एकटाच काहीतरी पदरात पाडून घेतोय. त्यांनीही शटर उघडलं आणि अर्ध्या तासात धावत आपला पिझ्झा घेऊन रस्ता ओलांडला. एका टेबलावर मधोमध दोन्ही पिझ्झे टेकायचे बाकी होते, आणि दोन्ही मालक उमाकांतांसमोर ताटं हातात धरूनच उभे राहिले.

"आता सांगा सार्. चांगला कुणाचा?"

 टोपीखाली उमाकांतांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पट्टीसाठी खिशात हात घातला.

"अम्मा, ताट फार गरम आहे," नारायणस्वामी फडक्यात धरलेलं ताट सावरत अवनीला लाडानं म्हणाले. "टेबलाचा कागद जळेल. खाली ठेवायला काहीतरी दे."

अवनीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग बाबांच्या हातातली वही अलगद काढून घेतली, मिटली आणि ताटाखाली ठेवली.