टेम्पोतली शिल्लक जागा

तनया गेले काही दिवस आपल्या वडिलांना घरातसुद्धा 'सर' म्हणत होती.

"सर, चहा झालाय." "सर, आई विचारतेय, अंघोळीला कधी जाताय?"

शेफालीनं आधी हसून सोडून दिलं. मग एका सकाळी तिनं नवऱ्याला गाठलंच. "अहो, नक्की काय केलंत तुम्ही?"

"मी काही केलेलं नाही. पेपर तपासला."

उत्तरेश्वर सर कोथरूडच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवायचे आणि तनया त्यांच्याच वर्गात होती. आंतरशालेय गणित स्पर्धेसाठी वर्गातून दोन मुलं निवडायची होती. त्यासाठी सरांनी घनफळाच्या धड्यावर चाचणी घेतली. त्यात दरवर्षीचाच एक प्रश्न होता : पन्नास सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाकृती पेटीत वीस सेंटिमीटर बाजूचे जास्तीत जास्त किती लाकडी ठोकळे मावतील? सरांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पेटीच्या घनफळाला ठोकळ्याच्या घनफळानं भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा, उत्तर पंधरा. तनयानं लिहिलं होतं 'आठ', आणि खाली पेटीचं चित्र काढलं होतं. सरांनी चित्राकडे न बघता फुली मारली. स्वतःची मुलगी म्हणून जरा ठळकच मारली. त्या तीन गुणांपायी तनया तिसरी आली आणि तिची स्पर्धा हुकली.

"पण पंधरा ठोकळे आत जातच नाहीत!" ती घरी आल्या आल्या म्हणाली होती.

"घरात पेपरची चर्चा नको. मी शाळेत तुझा बाप नाही आणि घरात तुझा शिक्षक नाही."

"बरं, सर," तनया म्हणाली, आणि तेव्हापासून सुरू झालं ते झालं.

त्याच रविवारी त्यांना घर हलवायचं होतं. शनिवार पेठेतली भाड्याची जागा सोडून ते कोथरूडमध्ये, शाळेच्या जवळच, स्वतःच्या फ्लॅटमध्ये जाणार होते. सामान न्यायला शेफालीचा मामेभाऊ साईनाथ हडपसरहून टेम्पो आणणार होता. साईनाथकडे दोन टेम्पो होते. आदल्या आठवड्यात त्यानं फोनवर विचारलं, "दाजी, मोठी गाडी आणू का लहान?"

"सांगतो," असं म्हणून सरांनी फोन ठेवला आणि मोजपट्टी काढली. कपाटं, टेबल, फ्रिज, पुस्तकांचे खोके या सगळ्या इष्टिकाचिती. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. पाण्याचे ड्रम, पिठाचे डबे, गुंडाळलेल्या गाद्या या वृत्तचिती. त्यांच्यासाठी त्रिज्येचा वर्ग, उंची आणि पाय. वळकटीची त्रिज्या मोजताना सरांनी शेफालीला ती घट्ट धरून उभं राहायला लावलं. सगळ्याची बेरीज त्यांनी लहान टेम्पोच्या हौद्याच्या घनफळाशी ताडून पाहिली. चक्क एक चतुर्थांश जागा शिल्लक राहत होती.

"लहान आण," त्यांनी साईनाथला कळवलं.

"बसंल का समदं?"

"गणित केलंय मी."

"मग काय बगायचंच न्हाई," साईनाथ म्हणाला आणि मोठी गाडी त्यानं एका मित्राला देऊन टाकली. दाजींच्या गणितावर त्याची श्रद्धा होती. त्याचा दहावीचा गणिताचा पेपर दाजींच्याच शिकवणीमुळे सुटला होता.

शिल्लक जागा वाया घालवणं सरांच्या स्वभावात नव्हतं. शेजारच्या पद्मजाकाकूंचं एक लोखंडी कपाट त्यांच्या कोथरूडच्या बहिणीकडे जायचं कधीचं पडून होतं. सरांनी स्वतः दार वाजवून त्यांना सांगितलं, "काकू, आमच्या टेम्पोत भरपूर जागा आहे. कपाट देऊन टाका."

रविवारी सकाळी साईनाथ वेळेवर आला. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या. टेम्पो उभा राहिला आणि गल्ली संपली. दोघा हमालांनी पद्मजाकाकूंचं कपाट सर्वांत जड म्हणून सर्वांत आधी चढवलं. मग सरांचं कपाट, पलंग, फ्रिज. फ्रिज आडवा करायचा नाही, असं शेफालीनं बजावलं होतं. मग ड्रम आले. ड्रमच्या शेजारी ड्रम ठेवला की मध्ये एक विचित्र कोपरा उरायचा. त्यात ना खोका जायचा ना खुर्ची. गादीच्या वळकट्या कपाटाला टेकवल्या की वरून त्रिकोणी पोकळी राहायची.

थोड्या वेळानं हमाल खाली उतरले. "भरला."

सरांनी मागे पाहिलं. सोफा, टेबल, पुस्तकांचे सगळे खोके, शिवणाचं मशीन, कपड्यांची गाठोडी आणि देवघर रस्त्यावर होतं.

"भरला कसा? अजून जागा आहे. ही बघा! ही इथे! पलंगाखाली, फ्रिजच्या वर, ड्रमच्या मध्ये!" सर हौद्यात चढून बोटं दाखवू लागले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जागा शिल्लक होतीच. फक्त ती एका ठिकाणी नव्हती.

घरमालक श्यामराव पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कपबशी घेऊन उभे होते. "सर, जागा सोडताय की प्रदर्शन भरवताय?"

"होतंय, होतंय. थोडं लावायचं राहिलंय."

"लावा सावकाश. फक्त तिकीट किती ठेवलंय तेवढं सांगा."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आणखी एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून नवी भाडेकरू सुरुची उतरली. आयटीत काम करणारी, कानात हेडफोन. "काका, आम्हाला दहाचा स्लॉट दिलाय. वर घर एम्प्टी आहे ना?"

"घर रिकामं आहे," श्यामराव वरून म्हणाले. "गल्ली भरलेली आहे."

आता सामान परत वर नेण्याचीही सोय उरली नाही. सुरुचीची माणसं सरांच्या सोफ्याला वळसा घालून तिची खोकी वर नेऊ लागली, आणि त्या धांदलीत शिवणाचं मशीनही वर गेलं. ते परत आणायला शेफाली धावली. मागे अडकलेल्या रिक्षा हॉर्न वाजवू लागल्या. एका गृहस्थानं सोफ्यावर हात दाबून पाहिला आणि विचारलं, "हा द्यायचाय का?" सर घामाघूम होऊन खिशातला हिशेबाचा कागद पुन्हा पुन्हा बघत होते. गुणाकार बरोबर होते. बेरीज बरोबर होती. पायची किंमत बरोबर होती.

इतका वेळ तनया देवघराजवळ उभी होती. ती टेम्पोपाशी आली, आत डोकावली आणि शांतपणे म्हणाली, "मावेल की, सर. पंधरा मावतात."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पद्मजाकाकूंच्या कपाटाच्या वर राहिलेल्या हातभर पोकळीकडे पाहिलं. तिथे पुस्तकांचा खोका जरासा, अगदी जरासाच, मोठा पडत होता. वीस सेंटिमीटरचा ठोकळा पन्नासच्या पेटीत एका रांगेत दोनच बसतो. दहा सेंटिमीटरची पट्टी उरते, सगळ्या बाजूंनी उरते, आणि तिचं घनफळ कितीही भरलं तरी तिथे ठोकळा बसत नाही. लाकडी ठोकळे वितळवून ओतता येत नाहीत. हे त्यांना त्या क्षणी, मागे चार रिक्षा हॉर्न वाजवत असताना, कळलं. कागद त्यांनी खिशात घातला.

"सगळं उतरवा," ते हमालांना म्हणाले.

"आता?" साईनाथ ओरडला.

"उतरवा. तनया सांगेल तसं भरा."

तनयानं सांगितलं. गाद्या उलगडून सगळ्यात वर टाकायला लावल्या. कपड्यांची गाठोडी सोडून कपडे ड्रममध्ये कोंबले, पिठाचे डबे कपाटांच्या पोटात गेले, टेबल उलटं करून त्याच्या पायांमध्ये खोके रचले. तरी सोफा, दोन ड्रम आणि थोडे खोके उरलेच. पण ते भिंतीच्या कडेला लावता आले आणि गल्ली सुटली. जाता जाता एका रिक्षावाल्यानं सरांना नमस्कार केला. तो आदरानं केला होता असं वाटलं नाही.

साईनाथ पहिली खेप घेऊन शेफालीसह गेला. दुसरी खेप होईपर्यंत सर आणि तनया उरलेल्या सामानाजवळ सोफ्यावर बसून राहिले. ऊन चढत होतं.

"बाबा, ड्रमच्या सावलीत सरका. चटका बसतोय," तनया म्हणाली. सर सरकले. काय ऐकलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. बोललो तर ती परत घेईल, अशी त्यांना भीती वाटली.

मग ते म्हणाले, "तुझं चित्र मी बघितलंच नव्हतं."

"माहितीये."

"उद्या मुख्याध्यापिकांकडे जातो. ती फुली चुकली."

तनया दचकली. "नको! सगळे म्हणतील बापानं गुण वाढवले. त्यापेक्षा चूकच राहू दे."

सरांना झोंबलं ते हे वाक्य. मुलीवर अन्याय झाला होता, तो त्यांनी निःपक्षपाती दिसण्याच्या हौसेपायी केला होता, आणि आता तो दुरुस्त केला तर पक्षपात दिसणार होता. गल्लीतून लोक जात होते. दुसरी खेप न्यायला टेम्पो आला तेव्हा सर उठत म्हणाले, "म्हणू देत. मी जाणार."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका दीपमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे तुमच्या मुलीचे तीन गुण वाढवायचे. आणि पुरावा काय, तर टेम्पो."

"हो, बाई."

"कारणं मी बरीच ऐकली आहेत. टेम्पो पहिल्यांदाच." मग त्यांनी समोरच्या कागदावर स्वतः एक पेटी काढली, तिच्यात रेघा मारल्या, मोजलं आणि पुन्हा मोजलं. "आठच होतात की हो. मग हे इतकी वर्षं पंधरा कसं चाललं?"

"कुणी पेटी आणलीच नाही," सर म्हणाले.

"गुण वाढतील. पण तुम्ही वाढवायचे नाहीत. विज्ञानाच्या मुक्ताई मॅडम सगळ्या वर्गाचे सगळे पेपर पहिल्यापासून तपासतील. आणि पंधरा लिहिणाऱ्यांचे गुण जातील. त्यांच्या आयांना तुम्ही तोंड द्यायचं."

सरांनी मान्य केलं. पुढचे दोन दिवस त्यांनी आयांना तोंड दिलं. एक आई म्हणाली, "सर, गाईडमध्ये पंधरा आहे." सर म्हणाले, "गाईडनं घर हलवलेलं नाही."

बुधवारी मुक्ताई मॅडमनी निकाल दिला. पहिल्या मुलाला भरपूर आघाडी असल्यानं धक्का लागला नाही. दुसरी घसरली, कारण तिनं पंधरा लिहिले होते. तनयाला ठोकळ्यांचे तीन गुण मिळाले. आणि शेवटच्या प्रश्नात, टाकीच्या गणितात, तिनं त्रिज्येच्या जागी व्यास घेऊन उत्तर चौपट काढलं होतं. त्यावर सरांनी बरोबरची खूण केली होती. ते चार गुण गेले.

दुसऱ्या जागेवर आली अवनी.

अवनी म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी, वहीच्या समासात मांजरं काढणारी. 'तू चित्रकलेकडे लक्ष दे,' असं सरांनीच तिला एकदा भर वर्गात सुनावलं होतं. तिनं पेटीत आठ ठोकळे काढले होते, छटा देऊन, उरलेल्या पट्टीवर तिरप्या रेघा मारून. तिच्या टाकीची त्रिज्याही बरोबर होती.

घरी सांगताना सरांचा आवाज खाली गेला.

"व्यास घेतला मी?"

"हो."

"आणि तुम्ही बरोबर दिलंत?"

"हो."

तिचे डोळे भरून आले. ते तिनं पुसले, आणि मग तिला अचानक हसू फुटलं. "बाबा, आपल्या दोघांना मिळून एक पेपर धड जमला नाही!"

अवनी मात्र स्पर्धेला जायला तयार नव्हती. "मला सूत्रं पाठ नाहीत, सर. तनयाच जाऊ दे," ती शाळेत रडवेली होऊन म्हणाली. संध्याकाळी तनयाच तिला हाताला धरून नव्या घरी घेऊन आली. अजून निम्मे खोके उघडायचे होते. दोघी खोक्यांच्या मधल्या मोकळ्या चौकोनात बसल्या. तनया सूत्र सांगायची, अवनी त्याचं चित्र काढायची, आणि चित्र पुरं होईपर्यंत पुढे जायचं नाही असं ठरलं होतं. सर चहा घेऊन दारात घुटमळत राहिले.

अवनीनं वर पाहिलं. तिच्यापुढे पिठाचा रिकामा गोल डबा आणि शेफालीच्या काडेपेट्या होत्या.

"सर, गोल डब्यात चौकोनी पेट्या भरल्या तर जास्तीत जास्त किती बसतील?"

सरांनी तोंड उघडलं. डबा बघितला. काडेपेटी हातात घेऊन आडवी धरली, उभी धरली.

"माहीत नाही," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. शेफाली हात पुसत बाहेर आली आणि तिनं काळजीनं विचारलं, "अहो, बरं वाटत नाहीये का?"

सरांनी चहाचा कप खोक्यावर ठेवला आणि ते जमिनीवर मांडी घालून बसले. तनयानं थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.