पंधरा वॅटची पंचायत

माणूस नवस एकटा बोलू शकतो, भांडण एकटा उकरून काढू शकतो, पण यंत्र एकट्याने विकत घेऊ शकत नाही. निपाणी भागात तरी हे कुणाला शिकवावे लागत नाही. इथे साधा मिक्सर घ्यायचा तरी आधी मिक्सर असलेल्या चार घरी जाऊन चहा प्यावा लागतो, आणि चौघांनी चार कंपन्या सांगितल्यावर पाचवीच घ्यावी लागते. (या पद्धतीने घेतलेल्या मिक्सरांपैकी निम्मे अजून चालतात. उरलेले निम्मेही सर्वानुमते घेतलेले होते.)

आमचे मेहुणे आप्पाण्णा यांचे निपाणीत खत-बियाणांचे दुकान आहे. त्यांचा मुलगा वृषभ बेळगावात इंजिनिअर झाला आणि येताना पदवीबरोबर गिटार घेऊन आला. तो ब्लूज वाजवतो. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांनी आपल्या दुःखावर काढलेले संगीत. हे ऐकताच वृषभची आत्या त्रिशलाआक्का यांनी घरात कुणाला काय कमी आहे याची चौकशी केली. कुणाला काहीच कमी निघाले नाही, तेव्हा सदर संगीत निरुपद्रवी ठरले.

पुढे कणकुंबीजवळच्या एका रिसॉर्टने वृषभला शनिवारच्या संध्याकाळी वाजवायला बोलावले. सोबत ड्रम वाजवणारा त्यांचाच होता. तेव्हा आप्पाण्णांनी पोराला समोर बसवून सरळ सांगितले, "ह्यो एक कार्यक्रम बघतो. लोकांनी तुझं ऐकलं, तर तुझी वाट तू धर. न्हाईतर पाडव्यापास्नं दुकानात बसायचं."

वृषभ हो म्हणाला. फक्त त्याला एक लहान अँप्लिफायर हवा होता. आप्पाण्णांनी तोही मंजूर केला, आणि इथून खरे काम सुरू झाले. निवड समिती नेमण्यात आली. तीत आप्पाण्णा, त्रिशलाआक्का, शेतीपंपाचे व्यापारी वीरेंद्र आणि प्रस्तुत लेखक होते. आम्ही मुलाचे मामा, शिवाय पतसंस्थेचे निवृत्त सचिव, त्यामुळे अध्यक्षपद ओघानेच आले. वृषभला निमंत्रित म्हणून बसू दिले. (मतदानाचा हक्क नव्हता. गिटार वाजवणाऱ्याला मत दिले तर निष्पक्षपणा राहत नाही.)

पहिल्या बैठकीत निमंत्रिताने आपली मागणी मांडली. त्याला व्हॉल्व्हचा, पंधरा वॅटचा अँप्लिफायर हवा होता. जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्या त्यात असतात. स्टेजवर ड्रमच्या बरोबरीने ऐकू यायला पंधरा वॅट पुरतात, आणि घरी वाजवताना एक बटण दाबले की तेच यंत्र एका वॅटवर येते.

आवाज कमी करण्यासाठी पैसे मोजून बटण घ्यायचे, हे समितीला समजायला वेळ लागला. आमच्या भागात आवाज कमी करायला पोलीस येतात, बटण लागत नाही. इथे गणपतीला डॉल्बीची भिंत उभी राहते, आणि शेजारच्या गल्लीतली भांडी फडताळावरून खाली येईपर्यंत ती नीट लावली असे कुणी मानत नाही. वीरेंद्र तर मनापासून हळहळले. एका वॅटवर देव्हाऱ्यातला बल्बसुद्धा नीट लागत नाही, असे त्यांचे तांत्रिक मत पडले, आणि बोअर खोल असेल तर काय करशील, असेही त्यांनी सवयीने विचारले.

पाहणीसाठी समिती बेळगावला गेली. दुकानदाराने व्हॉल्व्हचे यंत्र लावून दिले आणि वृषभने त्यावर काहीतरी वाजवले. आवाज वाढवला तसा तो कडेने किंचित चिरकू लागला. वृषभचा चेहरा उजळला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ब्लूज म्हणतात तो हाच, चिरकण्यातच सगळे आहे. समितीने एकमेकांकडे पाहिले. स्पीकर फाटलाय हे ओळखायला आमच्याकडे इंजिनिअर व्हावे लागत नाही. आप्पाण्णांनी दुकानदाराला बाजूला घेऊन, चारचौघांत त्याची शोभा होऊ नये म्हणून हळू आवाजात सांगितले, "फाटकं पोतं आमच्यात गिऱ्हाईक उचलत न्हाई. दुसरं दाखवा."

दुकानदाराने मराठीत आणि मग कन्नडमध्ये समजावले की तो आवाज तसाच असतो. दोन भाषांत सांगावे लागते म्हणजे नक्की काहीतरी पाणी मुरतेय, असे समितीला वाटले.

तरीही वृषभ हटला नसता. पण त्रिशलाआक्का वाकून त्या यंत्राच्या पाठीमागे पाहत होत्या. आत नळ्या लाल झाल्या होत्या आणि हात लाववणार नाही अशा तापल्या होत्या. आक्कांनी चष्मा काढला.

"कणकुंबीला जंगल हाय. दिवं लागलं की किडं येणार, ह्यात पडून भाजणार. जीव मरू नयेत म्हणून आपण दिस मावळायच्या आत जेवतो, आन् तू किडं भाजायचं मशीन घेतोयस व्हय रं?"

वृषभने वरून मच्छरदाणी घालण्याची उपसूचना मांडली. आम्ही जैन पाणी गाळून पितो, तेव्हा आवाज गाळून घ्यायला तत्त्वतः कुणाची हरकत नव्हती, पण मच्छरदाणी पेट घेईल असे वीरेंद्रांनी निदर्शनास आणले. व्हॉल्व्हचा प्रस्ताव अहिंसेच्या मुद्द्यावर फेटाळण्यात आला.

अखेर जे यंत्र घेतले त्याबद्दल समितीला आजही अभिमान आहे. त्याला चाके आहेत. रिमोट आहे. वीज गेली तरी चालणारी बॅटरी आहे, मंदिरातल्या प्रवचनासाठी दोन माइक आहेत, आणि पुढे रंगीत दिवे फिरतात. पेनड्राइव्ह लावता येतो. गिटारची वायर लावायलाही मागे भोक आहे (ते आम्ही खास विचारून घेतले). आवाज इतका स्वच्छ, की खानापूर स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचे सांगतात तो आठवावा. चिरकण्याचे नाव नाही. वृषभ परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत राहिला, आणि आम्ही ते समाधान समजलो.

शनिवारी समिती दुपारीच निघाली. दिवस मावळायच्या आत रिसॉर्टच्या हिरवळीवर डबे उघडून जेवणे झाली, मग मंडळी पुढच्या रांगेत बसली. कामे वाटून दिली होती. आप्पाण्णांकडे रिमोट, आक्कांकडे किडे, वीरेंद्रांकडे चाकांखालचे दगड, आमच्याकडे यंत्राची बॅटरी किती उरली ते दाखवणारा दिवा. वृषभची बहीण चंदना मोबाइलवर चित्रण करत होती. (त्यात यंत्र संपूर्ण आले आहे. वृषभ गुडघ्यापर्यंत आहे.)

कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला. यंत्र तापले नाही. दिवे शेवटपर्यंत फिरले. एकही जीव दगावला नाही. वाजवणे थांबताच लोक उठून पुढे आले आणि यंत्राभोवती जमले. गोव्याच्या एका गृहस्थांनी चाके फिरवून पाहिली, बेळगावच्या एका बाईंनी मुलीच्या बारशाला असेच हवे म्हणून दुकानाचा पत्ता घेतला. आप्पाण्णांना इतके खूश आम्ही त्यांच्या लग्नातही पाहिले नव्हते.

वृषभ वायर गुंडाळत आमच्याजवळ आला. "मामा, मी कसं वाजिवलं?"

आम्ही खोटे बोलत नाही. बॅटरी शेवटपर्यंत भरलेली दाखवत होती, असे सांगितले. त्याने मान हलवली आणि पुन्हा वायर गुंडाळू लागला. त्याचा चेहरा बघून आम्हांला फार वाईट वाटले, पण ज्याच्याकडे बॅटरी त्याने बॅटरीच पाहायची, त्याशिवाय संस्था चालत नाहीत.

आप्पाण्णांनी निकाल तिथेच दिला. लोकांनी ऐकले, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. एवढ्या चौकशा येतात म्हणजे धंदा आहे, तेव्हा या यंत्रांची एजन्सी घ्यायची आणि पाडव्यापासून ती वृषभने सांभाळायची. आता युरियाच्या पोत्यांशेजारी काचेचे कपाट आहे, कपाटात यंत्रे आहेत आणि कपाटामागे वृषभ आहे. गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायला तो पेनड्राइव्ह लावतो.

काही जाणकार वाचक म्हणतील की समिती चुकली, व्हॉल्व्हचेच घ्यायला हवे होते. काहींच्या मते ड्रम असेल तर पंधरा नव्हे, वीस वॅट लागतात. या यंत्राची कंपनी कुठली, हे तर बहुतेकांना केव्हापासून विचारायचे आहे. अशा मंडळींची समितीला गरज आहे. वीरेंद्र पंपाच्या हंगामात अडकल्यामुळे एक जागा रिकामी झाली असून तिच्यासाठी पात्रता एकच ठेवली आहे. त्या संध्याकाळी पोराने वाजवले तरी काय, हा प्रश्न उमेदवाराच्या मनात आलेला नसावा. आपण तो न विचारता इथपर्यंत वाचत आलात. आपली नियुक्ती झाली, असे समजावे.