गयामावशी जागा सोडत नाही

रस्त्यात काही पडलेलं सापडलं तर आपण काय करतो? इकडं तिकडं बघतो आणि उचलतो. पुढं ते परत करायचं की खिशात घालायचं, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. आमची गयामावशी मुळात उचलतच नाही. ती त्या वस्तूशेजारी फतकल मारून बसते आणि मालक येईपर्यंत हलत नाही.

आमच्या कुरुंद्याच्या आठवडी बाजारात एकदा ती एका चपलेशेजारी बसली होती. जोडीशेजारी नव्हे, एका चपलेशेजारी. तीही अंगठा तुटलेली. हळदीच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर तिला वळसा घालून जात होते, ड्रायव्हर तोंडाला येईल ते बोलत होते आणि मावशी डोक्यावर पदर घेऊन घरच्या ओट्यावर बसावं तशी निवांत बसलेली. मी म्हणालो, "मावशी, टाकून दिली असंल कुनी." तर म्हणते, "टाकून देनारा दोन्ही टाकतो, दत्ता." दिवस कलताना एक म्हातारा खरंच एका पायात चप्पल घालून लंगडत आला.

ही खोड तिला अंगणवाडीत लागली. तिथं ती मदतनीस होती. शेतात गेलेल्या आईला यायला उशीर झाला की उरलेल्या लेकराला घेऊन मावशी दारातच बसायची. लोक म्हणायचे, घरी ने की त्याला. पण ती नाही म्हणायची. "माय हितंच हुडकीत येईल. जागा सोडू न्हाई." ती लेकरं आता बाप्ये झाली, मावशी रिटायर झाली, पण वाक्य तेवढं राहिलं.

पैसे सापडले की मात्र मामला वाढतो. तुटक्या चपलेला एकच मालक असतो, नोटेला गावभर असतात. म्हणून मावशीनं एक परीक्षा काढली आहे. किती होते, कसल्या नोटा होत्या, असलं ती काही विचारत नाही. "कशासाठी आनले व्हते?" एवढंच विचारते. खरा मालक न थांबता सांगतो, बियाण्याला, आईच्या चष्म्याला. खोटा आधी आभाळाकडं बघतो. माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर सापडलेल्या नोटेवर हक्क सांगताना एकजण बराच विचार करून म्हणाला होता, "समाजकार्यासाठी." मावशी म्हणाली, "मंग समाजालाच पाठवून दे. त्याच्याच हातात देते."

तिचा एकुलता एक मिलिंद जर्मनीत इंजिनियर आहे. गेल्या हिवाळ्यात त्यानं आईला तिकडं बोलावून घेतलं. गावानं हार घातले, मीही घातला. पण तिकडं मिलिंद आणि सून प्रज्ञा दिवसभर कामावर, नातू शाळेत. मावशी खिडकीशी. घराजवळच्या बागेत एक बाकडं होतं, तेवढंच काय ते तिचं. त्यावर बसून ती मला व्हिडिओ कॉल करायची. "मानसं लई चांगली हायेत रे दत्ता. हासतेत. पन थांबत न्हाई कुनी."

एका दुपारी तिचा कॉल आला आणि पडद्यावर मावशीऐवजी पाकीट दिसलं. बाकड्याखाली पडलेलं लांबट पांढरं पाकीट, त्यातून डोकावणाऱ्या परदेशी नोटा.

"मावशी, मिलिंदला फोन कर."

"केला. येऊन राहिला. तवर तू बस माझ्याजवळ."

मी बसलो. दुकानातली गिऱ्हाइकंही आपले कागद विसरून माझ्या मोबाईलभोवती जमली. तिकडं थंडीनं मावशीचं नाक लाल झालं होतं. एक बाई कुत्रं घेऊन आल्या, काहीतरी बोलल्या. मावशी म्हणाली, "तुमचं न्हाई ना? मंग जावा." त्या बाईंनीच बहुधा फोन केला असावा, कारण थोड्या वेळानं एक पोलीसबाई आली. ती पाकीट उचलायला वाकली, तशी मावशीनं त्यावर पायच ठेवला. आमच्या दुकानात सगळी गिऱ्हाइकं मोबाईलवर आणखी वाकली.

मग मिलिंद धापा टाकत आला. "आई, इथं हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस असतं. तिथं जमा करू."

"मालक ऑफिसात काहून हुडकील? तो आपल्या पावलानं मागं येईल की."

मिलिंदनं आवाज खाली आणला, पण फोन चालूच होता. "मीटिंग सोडून पळत आलो मी. असंच करणार असशील तर उद्यापासून एकटीनं बाहेर पडायचं नाही."

मावशीनं बाकड्यावरून हात फिरवला. सगळ्या जर्मनीत तिला ते एक बाकडं होतं आणि आता तेही जाणार होतं. मला मिलिंदचा राग आला. त्याची अडचण कळत होती, तरी आला.

तेवढ्यात लांबून एक म्हातारा जमिनीकडं बघत बघत येताना दिसला. पाकीट दिसताच तो हात पुढं करून धावला. मावशीनं पाय काढला नाही. "का हो बाबा, कशासाठी आनले व्हते?"

मिलिंदनं कपाळाला हात लावला आणि तेच जर्मनमध्ये विचारलं. म्हाताऱ्यानं आभाळाकडं बघितलं नाही. त्यानं तोंड उघडलं आणि जिभेनं आपली खालची कवळी डुगडुग हलवून दाखवली.

"नवी कवळी!" मावशी ओरडली. "बराबर हाय! माझी बी अशीच हालतीया!" आणि तिनंही आपली हलवून दाखवली. पोलीसबाई तोंडावर हात धरून हसली. इकडं आमचं दुकान हसून लोळलं. म्हाताऱ्यानं मावशीचा हात दोन्ही हातांत धरला, तसाच बाकड्यावर टेकला आणि उठेचना. मिलिंदनं बंदीचं नाव पुन्हा काढलं नाही. मावशी परत येईपर्यंत तो म्हातारा रोज केक घेऊन यायचा, मावशी चिवडा न्यायची, आणि दोघं आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलायची.

मावशी गावी आली त्याला आता बरेच महिने झाले. घरात ती एकटीच.

परवा दुपारी दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली बसलेली दिसली. पुढ्यात एक बटवा. येणारा-जाणारा थांबत होता, "कुनाचा गं मावशे?" विचारत होता. मावशी त्याच्या लेकीचं बाळंतपण, हळदीचा भाव, सगळं विचारून घेत होती. मी चहा घेऊन गेलो आणि बटवा जवळून बघितला. हिरव्या खणाचा. आदल्याच दिवशी माझ्या काउंटरवर मावशीनं रिचार्जचे पैसे त्यातूनच काढून दिले होते.

मी हळूच विचारलं, "मावशी, कशासाठी आनला व्हता?"

तिनं आभाळाकडं बघितलं नाही.

"कुनीतरी थांबावं म्हनून," ती म्हणाली.

मी जाऊन दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि परत येऊन बटव्याच्या पलीकडं मांडी घातली. मावशीनं बशीत चहा ओतून माझ्याकडं सरकवला. तेवढ्यात शाळेतले गुरुजी सायकल थांबवून म्हणाले, "काय रे दत्ता, कुनाचं हरवलं?"

"येईल मालक," मी म्हणालो. "बसा घडीभर."