डाव्या डोळ्यातल्या थेंबाची मंजुरी

पाण्याला जात्या वळण नसतं, ते लावावं लागतं. आमच्या ॲनिमेशन कंपनीत त्यासाठी स्वतंत्र द्रव विभाग आहे. समुद्र, पूर, सांडलेलं दूध, सगळं संगणकावर वाहतं आणि मंजुरीशिवाय एक थेंब खाली पडत नाही. (गुरुत्वाकर्षण आहे, पण तेही मंजुरी समितीच्या अखत्यारीत.)

यंदाच्या चित्रपटात एक हत्तीण पिल्लाला निरोप देताना रडते; डाव्या डोळ्यातून, एकच थेंब. समुद्र आठवड्यात उरकला होता. अश्रूला तिसरा महिना लागला, कारण समुद्राकडे कोणी निरखून बघत नाही.

अश्रू होता थेंबताईंकडे. हे नाव त्यांना ऑफिसनेच दिलेलं. गुरुवारी त्यांच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन, म्हणून त्यांनी दोन दिवसांची किरकोळ रजा मागितली. साहेब देवमाणूस, ते नाही म्हणालेच नाहीत. अश्रू मंजूर झाला की रजा मंजूर, इतकं सोपं करून दिलं.

समितीचे शेरेही मोजकेच होते. अश्रू फार ओला वाटतो. सुरकुतीत अडकल्यावर त्यातलं दुःख कमी होतं, चिकटपणा वाढवावा. थोडा आशावादी हवा. साहेबांच्या मेव्हण्यांनी विचारलं, हत्ती मुळात रडतात का? (विचाराधीन.)

गुरुवारी सकाळी ऑपरेशनला नेण्याआधी आईचा फोन आला. "तू काम कर गं, मी कुठे पळून चाललेय?"

फोन ठेवताना थेंबताईंच्या डोळ्यातून पाणी आलं. मलाही भरून आलं, पण कामाच्या तासांच्या नोंदीत तो वेळ कुठल्या खात्यावर टाकायचा ते कळेना. साहेबांनी लगबगीने मोबाइलचा कॅमेरा सुरू केला.

"पुसू नका. जरा उजेडाकडे बघा."

चित्रण तातडीने समितीपुढे गेलं आणि एकमताने फेटाळलं गेलं. नाकाशी थबकतो, मग एकदम पळतो; माणूस असं रडत नाही, असा शेरा पडला. थेंबताई पुन्हा संगणकाशी बसल्या.

आई दुपारी ऑपरेशनच्या टेबलावरच गेली.

सोमवारी समितीने पहिल्या महिन्यातला पहिलाच अश्रू मंजूर केला. रजाही तत्काळ मिळाली. फक्त किरकोळ रजेची शोकरजा करावी लागली.

चित्रपट तुम्ही पाहिलात. त्या थेंबाला अख्खं थिएटर हुंदके देत होतं, तुम्हीही रुमाल काढलात. शेवटी नावं सुरू होतात, त्यात द्रव विभाग बराच खाली येतो. तोवर तुम्ही पार्किंगमध्ये पोहोचला होतात आणि पुढची गाडी हलेना म्हणून हॉर्न वाजवत होतात.