देव्हाऱ्यातला डॉलर

उत्तम शिरधनकरच्या देव्हाऱ्यातली देवी अमेरिकेची आहे, हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि तेही ऑफिसात, डबा खाताना. शेजारच्या टेबलावरच्या परागने मासिकातला फोटो पुढे सरकवला. चांदीचा जुना अमेरिकन डॉलर. त्यावर तेच भरदार नाक, तेच मागे सारलेले केस, डोक्यावर तेच मुकुटासारखं काहीतरी. उत्तमचा घास तोंडातच राहिला. या बाईपुढे हात जोडून तो एसएससीला बसला होता. परागने फोटोखालची ओळ वाचून दाखवली, की असाच एक डॉलर तिकडे बंगल्याच्या किमतीला गेला. आणि उत्तमच्या भक्तीने जागच्या जागी कूस बदलली.

नाणं आणलं होतं त्याच्या वडिलांनी. ते बोटीवर खलाशी होते. ते गेले, आणि मागे राहिलेली आई, शेवंतीबाई, दर शुक्रवारी त्या नाण्याला हळदकुंकू वाहत राहिली. तीस वर्षांत कुंकवाचा असा थर चढला होता, की देवीचं नाक, केस आणि मुकुट तेवढे वर उरले होते.

उत्तम राहायचा शांती नगरात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बिल्डरने कागदावर चोवीस तास पाणी छापलं होतं, आणि छापताना त्याला लाज वाटली नव्हती. असल्यांना लाज वाटत नाही, म्हणून तर त्यांच्या दाराशी गाड्या उभ्या असतात. इथे टँकर आला की उत्तम आणि त्याची बायको नीलिमा हंडे घेऊन चार मजले चढत. आईचे गुडघे गेलेले. दिवाळीपासून ती खाली उतरली नव्हती. डॉलर विकायचा आणि पूनम सागरला तळमजल्यावर जागा घ्यायची, असं नवरा-बायकोने त्याच संध्याकाळी पडद्याआड कुजबुजत ठरवून टाकलं. आईला उत्तमने एवढंच सांगितलं, की देवी जरा तपासून आणतो.

"तपासून आण," आई म्हणाली. "पण आण."

नवघरच्या सोनाराने नाणं कसोटीवर घासलं, काट्यावर टाकलं आणि तोंड वाकडं केलं. सव्वादोन तोळ्यांच्या थोडं वर, चांदी खरी, पण तांबं मिसळलेलं. मोडीत घालायचं असेल तर आत्ता घाला, म्हणाला. बंगल्याचं नाव काढताच तो उत्तमकडे डॉक्टरसारखा बघायला लागला.

मग परागने महिपतभाईंचा पत्ता दिला. शांती नगरातच झेरॉक्सच्या दुकानामागे हे गृहस्थ जुनी नाणी आणि तिकिटं घेऊन बसत. त्यांनी डॉलर कडेने दोन बोटांत धरला, भिंग लावलं आणि आधी देवीची ओळख पटवली. "आ लिबर्टी छे. मतलब स्वतंत्रता. लक्ष्मी-बिक्ष्मी नाही." मग नाणं उलटं केलं. मागे गरुड होता, पण शेपटीपाशी कुंकवाचं ढेकूळ. साल बघू गेले, तिथेही कुंकू.

भाव कसा ठरतो, हे त्यांनी समजावलं. शेपटीखाली बारीक अक्षर असतं, ते टांकसाळीचं. अक्षरच नसेल तर एक भाव. एक असेल तर वेगळा. सी-सी अशी दोन असतील तर चहा मागवून बोलू. पण कुंकू घासून काढायचं नाही. खोबरेल तेलात भिजवायचं आणि वाट बघायची.

"घिसा तो मर गया समझो," महिपतभाई म्हणाले. "जुन्या नाण्याला जुनंच दिसायला पाहिजे."

उत्तमने घरी येऊन हे सगळं मोठ्याने, दोनदा सांगितलं. कोणी घासायचं नाही. धुतलं की मोल जातं. वाटीभर तेलात देवी बुडाली. भाजीच्या फोडणीला नीलिमाने तीच वाटी उचलली होती, थोडक्यात वाचली. आई पलंगावरून नुसतं बघत होती.

चौथ्या दिवशी उत्तम अंघोळ करून आला, तर वाटी रिकामी आणि नाणं देव्हाऱ्यात. स्टीलच्या नव्या ताटासारखं लखलखत होतं. त्याने उलटं करून शेपटीखाली बघितलं. सी-सी. दोन्ही अक्षरं स्पष्ट. तो चपला उलटसुलट घालून धावला.

महिपतभाईंनी लांबूनच बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला. "घिसा?"

"अहो, पण अक्षरं आहेत. दोन आहेत."

"आहेत ना. साल पण चांगलं आहे. काल आणलं असतं तर..." एखादा हौशी चांदीपेक्षा थोडं जास्त देईल, बंगल्याचं विसरा, एवढंच म्हणाले.

उत्तमच्या डोक्यात काही शिरेना. मळलेलं होतं तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून भाव नव्हता. आता वाचता येतंय, म्हणून भाव नाही. मग भाव होता कधी? मधल्या रात्री, तेलात, कोणी बघत नसताना?

चार मजले चढून तो घरी आला आणि आईसमोर उभा राहिला. "आई, नाणं कोणी घासलं?"

"मी. चिंच आणि राख."

"मी दोनदा सांगितलं होतं, धुतलं की मोल जातं."

"ऐकलं की मी. म्हणून तर घासलं."

उत्तम स्टुलावर बसला. तिला वाटत असेल ही लक्ष्मी आहे, म्हणून त्याने समजावायला घेतलं, की ही तिकडची बाई आहे, आपली देवी नाही.

"मला काय सांगतोस? तुझ्या बाबांनी अशी दोन आणली होती. एक तिसऱ्या दिवशी गुत्त्यात गेलं. दुसऱ्याला मी त्याच रात्री कुंकू लावलं आणि म्हटलं, ही देवी, हात लावून बघा. नाही लावला मेल्यांनी. मरेपर्यंत हात जोडले." आईने गुडघा चोळला. "अख्ख्या संसारात ही एवढी एकच वस्तू माझ्या हाताने वाचली. तळमजल्यासाठी विकू?"

"मग तसं सांगायचंस ना, आई."

"सांगून ऐकणाऱ्यातले तुम्ही?" आईने कुंकवाचा करंडा जवळ ओढला. "तुझ्या बाबांना कुंकू पुरलं. तू शिकलेला, तुला चिंच लागली."